‘रिझल्ट आला नाही’ म्हणणारी माणसं आमच्याकडे पाठवा

मा. संचालक,
राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था,
दोना पावला, गोवा.



शिरूर तालुक्यातल्या निमोणे गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. तुमचा-माझा संबंध यायचं तसं काही कारण नाही. पण २००९ साली तुमच्या संस्थेतली माणसं जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेतल्या माणसांबरोबर दक्षिण महासागरात गेली आणि तिथं त्यांनी टनावारी फेरस सल्फेट पाण्यात सोडलं. मी फेरस सल्फेट विकतो. एवढ्या नात्यावर हे पत्र लिहितोय. खुलं लिहितोय, कारण यातली मागणी माझ्या एकट्याची राहिली तर तिला कुणी विचारणार नाही.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. त्या ‘लोहाफेक्स’ नावाच्या मोहिमेवर गेलेल्यांपैकी कुणाला तरी आमच्याकडे पाठवा. मोठे साहेबच पाहिजेत असं नाही. पाण्याचे नमुने गाळणारा चालेल, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारी चालेल, रात्रपाळीला डेकवर उभं राहून थंडीत कुडकुडलेला कुणीही चालेल. मराठीत बोलले तर उत्तम, कोकणीत बोलले तरी समजून घेऊ. समुद्रात काय टाकलं, काय होईल असं वाटलं होतं आणि काय झालं, एवढंच त्यांनी इथल्या शेतकऱ्यांना सांगावं.

आता हे इथंच का, ते सांगतो.

शिरूरचा हा पूर्वेचा पट्टा पर्जन्यछायेतला. घोड धरणाच्या पाण्यावर ऊस, कांदा उभा राहिला, पण जमिनी पुष्कळ ठिकाणी चुनखडीच्या. अशा रानात उसाची कोवळी पानं पिवळी पडत जातात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि दुखणं वाढलं तर पान पांढरंफटक होतं. आम्ही त्याला केवडा पडला म्हणतो. जमिनीत लोखंड नसतं असं नाही, भरपूर असतं. पण चुन्यामुळे ते मुळाला घेता येत नाही. मग शेतकरी दुकानात येतो आणि मी त्याला हिरवट खड्यांची पिशवी देतो. कुणी फवारतो, कुणी शेणखतात मुरवून टाकतो. माल जुना नाही ना, हे बघावं लागतं, कारण पिशवी उघडी राहिली की हिरवा रंग जाऊन तपकिरी येतो. म्हणजे ते गंजलं, कामातून गेलं. फवारणीच्या पाण्यात थोडं सायट्रिक ॲसिड घालायला सांगतो तेही याचसाठी, फवारा पानावर पडेपर्यंत तरी ते गंजू नये म्हणून.

तुमच्या प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला हे ओळखीचं वाटलं. दक्षिण महासागरात नत्र आहे, स्फुरद आहे, उन्हाळ्यात दिवसही मोठा आहे. पण लोह नाही. जमिनीवरची धूळ तिथवर पुरेशी पोचत नाही आणि जे थोडं पाण्यात येतं ते प्राणवायूशी गाठ पडली की गंजून तळाला जातं. त्यामुळे समुद्राची हिरवळ, म्हणजे उघड्या डोळ्यांना न दिसणारं वनस्पती प्लवक, हवं तेवढं वाढत नाही. सगळं असून एका गोष्टीपायी अडलेलं रान म्हणायचं. शेतकी शाळेत पहिल्या वर्षाला लीबिग नावाच्या जर्मन माणसाचा नियम शिकवतात: जे अन्नद्रव्य सगळ्यात कमी, पीक तेवढंच येणार. गोडं पाणी असो की खारं, नियम तोच.

यातून पुढचा विचार कुणाच्याही डोक्यात येईल. लोह टाकलं तर? अमेरिकेतल्या जॉन मार्टिन यांनी १९८०च्या दशकाअखेरीस हा विचार जोरात मांडला आणि अर्धा टँकर लोह मिळालं तर हिमयुग आणून दाखवतो, अशा अर्थाचं काही तरी चेष्टेत बोलूनही गेले. प्लवक वाढेल, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेईल, मरून खोल पाण्यात जाईल आणि तो कार्बन शेकडो वर्षं तिथं पडून राहील, असा हिशोब. खुल्या समुद्रातला पहिला प्रयोग १९९३ साली झाला. त्याच वर्षी, प्रयोगाच्या आधी, मार्टिन गेले होते. पुढच्या वर्षांत बरेच प्रयोग झाले. २००४ साली आल्फ्रेड वेगेनर संस्थेनेच दक्षिण महासागरात केलेल्या प्रयोगात डायटम नावाच्या प्लवकाचा मोठा बहर आला आणि त्यातला किमान निम्मा हजार मीटरच्या खाली गेला. म्हणजे २००९च्या जानेवारीत तुमची माणसं निघाली तेव्हा आशेला आधार होता.

आता माणसांकडे येतो, कारण पत्र त्यांच्यासाठी आहे.

मोहिमेचे म्होरके दोन. एक तुमचे डॉ. वाजिह नक्वी, दुसरे आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे व्हिक्टर स्मेटाचेक. हे स्मेटाचेक नावाने युरोपचे, पण वाढले कुमाऊंच्या डोंगरात, भीमतालच्या परिसरात. वडील दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या उलथापालथीत युरोप सोडून भारतात आले आणि इथलेच झाले. म्हणजे जर्मन बाजूचा म्होरक्या हिमालयातला आणि भारतीय बाजूचा गोव्यातल्या प्रयोगशाळेतला. देशादेशांच्या करारामागे अशी माणसं असली की करार चालतात, असं आपलं माझं मत. कागदावर दोन संस्थांच्या सह्या असतात, पण भर समुद्रात भांडण झालं तर सह्या मिटवायला येत नाहीत.

नक्वींबद्दल मला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे आणि ती माझ्या धंद्याला जरा टोचणारी आहे. अरबी समुद्राच्या आपल्या किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या शेवटी प्राणवायू संपलेलं पाणी वर येतं, त्यात नत्राचं रूपांतर होऊन नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू बाहेर पडतो, यावर त्यांचं गाजलेलं काम आहे. २००० साली आलेल्या त्यांच्या निबंधात शेतातून वाहून जाणाऱ्या खतांकडेही बोट होतं. मी युरिया विकतो. आमचं पाणी घोडेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं, अरबी समुद्राला नाही. पण तेवढ्यावर मी सुटलो, असं काही मी म्हणणार नाही.

‘पोलारश्टेर्न’ हे जर्मन संशोधन जहाज ७ जानेवारी २००९ ला केपटाऊनहून निघालं. जहाजावर ४८ शास्त्रज्ञ होते आणि त्यांत सर्वांत जास्त भारतीय. बाकीचे जर्मनी, इटली, स्पेन, इंग्लंड, फ्रान्स, चिली इथले. जहाजाचा नोकरवर्ग वेगळा. जहाज निघालं न निघालं तोच युरोपात ओरड सुरू झाली. समुद्रात घाण टाकायला निघाले, हवामानाशी खेळ मांडला, वगैरे. आदल्या वर्षी बॉनला झालेल्या जैवविविधता परिषदेत अशा प्रयोगांना लगाम घालण्याचा ठराव झाला होता, त्यामुळे ओरडीत अगदीच दम नव्हता असं म्हणता येत नाही. जर्मनीच्या पर्यावरण मंत्र्यांनी प्रयोग थांबवा म्हटलं. संशोधन मंत्रालयाने तज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी करून घ्यायचं ठरवलं आणि तोवर लोह पाण्यात सोडायचं नाही, असा हुकूम आला.

आता जरा त्या जहाजावर जाऊन बघा. वर्षानुवर्षांची तयारी, भाड्याने मिळालेलं नव्हे तर वाट बघून मिळालेलं जहाज, पोती भरलेली, दक्षिण अटलांटिकमधला वारा, आणि बर्लिनमध्ये दोन मंत्र्यांचं जमत नाही म्हणून सगळे हात बांधून बसलेले. हात बांधून म्हणजे अक्षरशः नाही. त्या काळात त्यांनी योग्य भोवरा शोधून त्याची पाहणी चालू ठेवली. अंटार्क्टिकाभोवती जो प्रचंड प्रवाह फिरतो त्यातून असे मैलोन्‌मैल रुंद भोवरे सुटतात, आणि भोवऱ्याच्या पोटातलं पाणी काही आठवडे तरी बाहेरच्यात फारसं मिसळत नाही. आपल्या भाषेत, बांध घातलेलं रान मिळालं. २६ जानेवारीला, आपल्या प्रजासत्ताक दिनी, संशोधन मंत्री आनेट शावान यांनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं.

मला त्या मधल्या दिवसांत फार रस आहे. कुणी वर्तमानपत्रात ‘समुद्र नासवणारे’ म्हणत असताना जहाजावरचा तरुण संशोधक काय विचार करत असेल? घरी काय कळवत असेल? विरोध करणाऱ्यांचं काही बरोबर आहे, असं जेवणाच्या टेबलावर कुणी बोललं असेल का? हे शोधनिबंधात येत नाही. यायचं कारणही नाही. पण माणसांकडून ऐकता येतं, आणि ऐकायचं असेल तर लवकर ऐकावं लागतं. माणसं निवृत्त होतात, गावोगाव पांगतात.

काम कसं चालत असेल त्याचा मला वाचून थोडा अंदाज आहे. टाक्यांमध्ये आम्ल मिसळलेल्या समुद्राच्या पाण्यात फेरस सल्फेट विरघळवायचं आणि चालत्या जहाजाच्या मागे नळीने सोडत जायचं, म्हणजे पंख्याच्या घुसळणीत ते मिसळतं. मध्ये तरंगता बोया, त्याच्या भोवती जहाज गोल-गोल वाढत्या फेऱ्यांनी. सुमारे ३०० चौरस किलोमीटरचा पट्टा त्यांनी असा ‘खतावला’. साधारण तीन आठवड्यांनी दुसरा डोस दिला, कारण पहिलं लोह गंजून, खपून संपत आलं. आणि हे सगळं करताना पाण्यातलं लोह मोजायचंही होतं, तेही लोखंडी जहाजावर उभं राहून! जहाजाचा गंज, दोरखंडाचा गंज, हाताची धूळ, काहीही नमुन्यात पडलं की मोजणी बिघडणार. म्हणून प्लास्टिकच्या बाटल्या, आम्लात धुतलेली भांडी, हातमोजे, झाकलेली जागा. हे ज्या कुणी केलं त्याचं किंवा तिचं नाव पहिल्या ओळीत छापून येत नाही. मला तेच नाव हवंय.

संशोधन जहाजावर काम चोवीस तास चालतं. तारेला बांधलेला बाटल्यांचा मोठा फेर खोल सोडायचा, ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद करायची, वर ओढायचं, पहाटे तीन वाजता वर आला तरी पाणी लगेच गाळायचं, कारण प्लवक तुमच्या झोपेसाठी थांबत नाही. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनहून आलेल्या मंडळींनी पाण्यात ठरावीक खोलीवर तरंगत राहणारे सापळे सोडले होते. वरून किती कार्बन खाली पडतोय ते त्यात जमा होणार. सापळा सोडणं सोपं, परत सापडणं अवघड. खवळलेल्या पाण्यात ते हुडकणाऱ्या खलाशांना समुद्रविज्ञानाचा कागद नसेल, पण त्यांच्यावाचून एक आकडा मिळाला नसता. खानसामा, इंजिनवाले, क्रेनवाले हे तर आलेच.

३९ दिवस पट्ट्याचा पाठलाग केला. १७ मार्चला जहाज चिलीच्या पुंता अरेनास बंदराला लागलं. आणि निकाल?

पहिल्या दोन आठवड्यांत प्लवक जवळजवळ दुप्पट झालं. इथवर डेमो प्लॉटसारखं. मग वाढ थांबली. कारण जे वाढलं ते कोपेपॉड नावाच्या बारीक जीवांनी खायला सुरुवात केली, आणि त्या कोपेपॉडांवर थेमिस्टो नावाचे कोळंबीच्या वळणाचे मोठे जीव तुटून पडले, ज्यांना पुढे माकुल आणि देवमासे खातात. कवचवालं डायटम, जे चरायला अवघड आणि जड असल्याने खाली जातं, ते वाढलंच नाही. त्याला कवचासाठी सिलिका लागते आणि त्या पाण्यातली सिलिका आधीच्या नैसर्गिक बहरांनी संपवलेली होती. लोहाची अडचण सोडवली तर पुढे सिलिका अडली. लीबिग पुन्हा. (आमच्याकडे उसासाठी सिलिकॉनही विकतात, पण समुद्रात दुसरं पोतं ओतायला कुणी निघालं नाही, हे बरंच झालं.) सापळ्यांतला हिशोब असा निघाला की लोह टाकलेल्या पट्ट्यातून खाली जाणारा कार्बन हा न टाकलेल्या पाण्यापेक्षा उठून दिसावा इतका वाढलेला नव्हता.

थोडक्यात, ज्या कारणाने जगभर गवगवा झाला, ते घडलं नाही. आणि ही गोष्ट मार्च २००९ मध्येच, जहाज बंदराला लागल्यानंतर आठवड्याच्या आत, दोन्ही संस्थांनी स्वतः जाहीर केली. या भागात लोह टाकून फार कार्बन शोषला जाणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. पुढे निबंध आले, त्यांत आकडे आले.

हे माझ्या दुकानात कधी होत नाही. मी कुणाला दोष देत नाही, धंद्याचं बोलतो. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, “शेठ, रिझल्ट हाय का?” आणि प्रत्येक कंपनीचा माणूस एकच सांगतो, हाय. डेमो प्लॉटचा बोर्ड जमलेल्या रानाच्या कडेलाच लागतो. जिथं जमलं नाही तिथं बोर्ड लावायला कुणी परत येत नाही. शेतकरीही निम्मं रान फवारून निम्मं मोकळं ठेवत नाही, कारण मोकळं ठेवलेलं गेलं तर नुकसान त्याचंच. मग फरक औषधाने पडला की पावसाने, हे कळायचं कसं? तुमच्या माणसांनी पट्ट्याच्या आतलं पाणी मोजलं तसंच बाहेरचं, न टाकलेलंही मोजलं. त्यामुळे त्यांना ‘नाही’ म्हणता आलं. इथल्या पोरांनी हे त्यांच्या तोंडून ऐकावं, अशी माझी इच्छा आहे. मी सांगितलं तर म्हणतील, हा माल विकणारा, याचं काय ऐकायचं!

उलटी गोष्टही सांगतो. २०१२ च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत, हैदा ग्वाई बेटांजवळ, एका कंपनीने सुमारे १०० टन लोहाचं संयुग समुद्रात टाकलं. सामन मासे वाढतील आणि कार्बन क्रेडिट विकून पैसेही येतील, असं सांगून तिथल्या एका लहानशा गावाला त्यात गुंतवलं गेलं. गावाने आपला पैसा घातला. नंतर चौकशा झाल्या, कंपनीत भांडणं झाली. २०१३ साली समुद्रात अशा गोष्टी टाकण्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती झाली, तिच्यामागे असे प्रकारही होते. गावाचं नाव ओल्ड मॅसेट. माझ्या डोळ्यांसमोर मात्र कुठलंही गाव येतं, कारण कार्बन क्रेडिटचे कागद घेऊन फिरणारी माणसं आता शेतावरही येतात. ती चांगली की वाईट, मला सरसकट सांगता यायचं नाही. पण एकच पोतं जर्मन जहाजावरून टाकलं तर तो प्रयोग आणि कंपनीच्या बोटीवरून टाकलं तर तो धंदा, यातला फरक पोत्यात नसून मागं राहून मोजणाऱ्या माणसांत आहे, एवढं आमच्या ग्रामसभेला कुणी समजावलं तर पुढच्या सह्या जरा विचारून होतील.

तुमच्या संस्थेकडे सांगायला याहूनही जुनं पुष्कळ आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठीवर १ जानेवारी १९६६ ला संस्था सुरू झाली, म्हणजे तिची मुळंच अनेक देशांनी मिळून केलेल्या कामात. ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहूनच ‘पोलर सर्कल’ जहाज अंटार्क्टिकाला निघालं, डॉ. एस. झेड. कासिम म्होरके, एकूण २१ माणसं, आणि ९ जानेवारी १९८२ ला ती बर्फावर उतरली. आमच्या पिढीला पाठ्यपुस्तकातून एवढंच मिळालं: तारीख, जहाज, झेंडा.

अदिती पंत यांचं नाव मी पुस्तकात नाही वाचलं, पुष्कळ नंतर वाचलं. त्यांची गोष्ट तर अगदी आपल्या घरची. जन्म नागपूरचा; घराणं औंधचं, वडील अप्पा पंत; पदवी पुणे विद्यापीठाची. पुढे हवाई आणि लंडन. सर ॲलिस्टर हार्डी यांचं खुल्या समुद्रावरचं एक पुस्तक हाती पडलं आणि त्या प्लवकाच्या मागे लागल्या, असं त्यांच्याबद्दल सांगतात. १९७३ साली त्या तुमच्या संस्थेत आल्या. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, अशा दोघी अंटार्क्टिकाला जाणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया ठरल्या. नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं. ‘पहिली स्त्री’ म्हटलं की टाळ्या पडतात. पण त्यांनी बर्फाळ पाण्यात मोजलं काय? प्लवकच. किती वाढतं, कशावर वाढतं. पंचवीस वर्षांनी लोहाफेक्सवर जो प्रश्न गेला तो त्याच घराण्यातला. टाळ्यांच्या पुढचं हे कुणी सांगितलं तर आमच्या मुलींना त्या बाई नुसत्या फोटोतल्या वाटणार नाहीत.

तुमच्या शेजारी वास्कोला, हेडलँड सडा इथं ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, त्यांनाही हे पत्र दाखवा. जुलै २०१४ मध्ये त्यांनी आणि चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने नॉर्वेच्या मदतीने उत्तर ध्रुवाजवळच्या काँग्सफ्योर्ड खाडीत, जवळपास १९० मीटर पाण्यात, मोजमापाची यंत्रं लावलेली साखळी सोडली, ‘इंडआर्क’ नावाची. पाण्याचं तापमान, क्षार, प्रवाह हे ती बर्फाखालीही वर्षभर टिपत राहते. वर्षाने ती बाहेर काढताना दोरखंड वर येतो की नाही, हे बघत उभे असलेल्यांपैकीही कुणी आलं तर आवडेल. पण लोहाफेक्सवाले आधी.

एक जरा आगाऊपणाची गोष्ट. आमच्याकडची माणसं गोव्याला जातात, दोना पावल्याच्या जेट्टीवर ‘एक दुजे के लिए’ची आठवण काढत फोटो काढतात आणि परत येतात. तुमची इमारत तिथंच वर टेकाडावर आहे, हे मीही कधी मान वर करून बघितलं नव्हतं. पर्यटकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण दारात मराठी, कोकणी माणसांचा एवढा लोंढा येत असताना त्यांच्या भाषेत, लोहाफेक्सवर गेलेल्या सगळ्यांची नावं आणि कामं लिहिलेली एक पुस्तिका तिथं ठेवता येईल. पानं कमी चालतील. नावं मात्र खानसाम्यापर्यंत हवीत. छपाईला आम्ही वर्गणी काढू, हे मी चेष्टेत म्हणत नाही.

तुमच्याकडून कुणी येणार असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. जून-जुलैत नको, पेरणीच्या हंगामात दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि गावात ऐकायला कुणी नसतं. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागवड, बायामाणसं सगळी वाफ्यात. फेब्रुवारी बरा. पुण्याहून आलात तर नगर रस्त्याने शिरूर आणि तिथून इकडे; उसाची वाहनं रस्त्यावर असतील, थोडा जास्त वेळ धरा. शिरूरला बोरा महाविद्यालय आहे, दुपारी तिथं मुलांशी बोलता येईल. गावातला कार्यक्रम संध्याकाळी ठेवू, पण त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसा आहे की रात्री, ते बघून वेळ ठरवावी लागेल, नाहीतर निम्मी माणसं मोटार चालू करायला उठून जातील. पडद्यावर चित्रं दाखवायची असतील तर आधी कळवा, प्रोजेक्टर शाळेतून आणायचा आहे. जेवणखाण, मुक्काम आमच्याकडे. बाजरीची भाकरी चालते की नाही तेवढं विचारून ठेवा.

लोक प्रश्न विचारतील, आणि ते सरळ नसतील. समुद्रात पोती टाकायला पैसा कुणाचा, हे पहिल्या पाचात येणार. जर्मन लोकांनी भारतीयांना बरोबरीने वागवलं का, हेही येईल. त्यामुळे जी व्यक्ती पाठवाल ती मोकळेपणी बोलणारी असू द्या. माझा प्रश्न मी आत्ताच देऊन ठेवतो, म्हणजे त्यांना आठवायला वेळ मिळेल: दुसरा डोस टाकल्यावरही बहर येत नाही, हे कुणाच्या लक्षात पहिल्यांदा आलं, आणि ते त्यांनी जहाजावर सगळ्यांत आधी कुणाला सांगितलं?

उत्तराची वाट बघतो.

आपला,
निमोण्यातला एक कृषी सेवा केंद्रवाला
(ता. शिरूर, जि. पुणे)